शाकाहारी मांजरं

आमच्या घरात मांजरीची पिल्लं झाली तेव्हा त्यांचं औक्षण झालं. खोटं सांगत नाही. तबकात निरांजन, हळदकुंकू, सुपारी, सगळं साग्रसंगीत. पिठाच्या डब्यामागं गोणपाटावर चार पिल्लं डोळे मिटून वळवळत होती, त्यांची माय आमच्याकडं संशयानं बघत होती, आणि ऐंशीला टेकलेली माझी सासू गुडघे धरून खाली बसून त्यांना ओवाळत होती. सासूला घरातले सगळे अव्वा म्हणतात. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी होते. मी म्हणलं, "अव्वा, आता मांजरीची ओटी बी भरा." तर अव्वानं खरंच खोबऱ्याचा तुकडा मागवला आणि मांजरीपुढं ठेवला. मांजरीनं हुंगला, तोंड फिरवलं. त्या दिवशी आमच्या घरात अक्कल फक्त तिच्याजवळ होती.

आमचं घर लातुरात, जुन्या बाजाराच्या मागं. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आडतीचं दुकान आहे. दुकानात मावला नाही की माल घरी येतो, त्यामुळं पुढच्या खोलीत बारा महिने तुरीची आणि सोयाबीनची पोती. पोती म्हणलं की उंदीर आलेच, आणि उंदीर म्हणलं की मांजर आलं. आता आमच्या घरातली गंमत ऐका. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी माणसं. पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. मांस-मच्छी सोडा, अंड्याचं नाव जरी निघालं तरी अव्वा कानावर हात ठेवते. पण उंदीर मारायला मांजर पाहिजे! तिनं उंदीर मारावा, न्यावा, कुठं तरी खावा, आम्हाला दिसू नये म्हणजे झालं. आल्यागेल्याला मात्र मालक छाती फुगवून सांगायचे, "आमची मांजर शुद्ध शाकाहारी हाय बरं का. दहीभाताशिवाय तोंड लावत न्हाई." मांजर पोत्यावर बसून मिशा चाटत असायची. कशाच्या, ते कुणी विचारायचं नाही.

पिल्लं झाल्यावर तर घराला वेडच लागलं. मालक म्हणजे बाजारात ज्यांच्यापुढं हमाल दबकून बोलतात असे गृहस्थ. दुकानातून आले की पायसुद्धा न धुता पिठाच्या डब्यामागं बसायचे आणि "अले ले ले, माजं बबडं ते" सुरू. माझ्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. माझ्याशी हा माणूस एकदा तरी असा बोलला असेल तर शपथ. पिल्लांना नावं दिली. ती इथं सांगत नाही, सांगायला लाज वाटते. अव्वा रोज पूजा झाली की चारी पिल्लांच्या कपाळावर विभूतीची बोटं ओढायची. सोमवारी घरात उपवास, म्हणून मांजरीलाही भगर. गल्लीतल्या बाया पिल्लं बघायला यायच्या, फोटो काढायच्या, "किती भाग्याची हायत बाई, कुठल्या घरात आली" म्हणून जायच्या. मी सगळ्यांना चहा करून दमून गेले.

आता सुनेचं सांगते. कारण ह्या सगळ्यात ती कुठं आहे असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं की ती कुठंच नव्हती. तेव्हा तिला आमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. पोरगा इथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, ती तिथंच बायोलॉजी शिकवायची. माहेर हदगावचं, शेतकरी घर, कापूस-सोयाबीन, खाऊनपिऊन सुखी. पण खाऊन म्हणजे सगळं खाऊन. पोरानं जेव्हा सांगितलं तेव्हा घरात आठ दिवस सुतक असल्यासारखं झालं. शेवटी मी एका अटीवर मान हलवली. मी तिला समोर बसवलं आणि विचारलं, "आमच्यात चालत न्हाई. सोडावं लागंल. जमंल का?" ती म्हणली, "सोडलं." एवढंच. मी खूश झाले. मला वाटलं, चला, आपण जिंकलो.

तिलाही ओवाळलं होतं, नाही असं नाही. मीच ओवाळलं. निरांजन वाऱ्यानं विझलं, ते मी परत लावलं नाही. तसंच विझलेलं फिरवलं आणि म्हणलं, ये आत. मांजरीच्या पिल्लांसमोर अव्वानं तीनदा काडी ओढली, तेव्हा मला ते आठवलं, आणि मी लगेच स्वयंपाकघरात निघून गेले. दीड वर्ष ती पोरगी घरात होती. क्लासला जाताना डबा न्यायची, तो डबा मी आमच्या भांड्यांत घासू देत नव्हते. का, तर तिथं पोरी-पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, काय सांगावं! मालकांशी तिचं बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि मालकांचं उत्तर म्हणजे "हं." तिनं कधी तोंड वर करून शब्द बोलला नाही. मी बायांत सांगायची, "आमची सून लई गरीब हाय." गरीब म्हणजे गप्प. गप्प सून कुणाला नको असते?

पिल्लं महिन्याची होत आली असतील, तेव्हा त्यांची माय गेली. भरदुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी मोटारसायकलखाली आली. मालकांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. अव्वा रडली. आणि मग घरात सभा भरली की ह्या लेकरांना आता वाढवायचं कसं. सभेचा निकाल असा लागला की दूधभात, दहीभात आणि अव्वाची विभूती. हा निकाल जिनं बायोलॉजीत एम.एस्सी. केली ती सून दारात उभी राहून ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही. ती स्वतःहून मला म्हणली, "आत्या, मांजराच्या शरीराला मांसच लागतं. नुसत्या दुधानं पोट बिघडंल त्यांचं."

मी म्हणलं, "हितं क्लास चालू न्हाई."

मालक हसले. ती आत गेली.

पोट बिघडलं. चारच दिवसांत असं बिघडलं की पुढच्या खोलीत नाक धरून जावं लागायचं. "बबडं बबडं" करणारे मालक आता लांबूनच बघायचे. अव्वा लांबूनच विभूती फुंकायची. लाड करायला सगळे होते, घाण काढायला सून. सकाळी क्लासला जायच्या आधी ती गोणपाट बदलायची, फरशी पुसायची, पिल्लांचे पार्श्वभाग कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायची. मी तेव्हा देवपूजेत असायची. देवपूजा अशा वेळी लई कामाला येते.

शेवटी मालक आणि मी पिल्लांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण पोरगा होता. त्यानं एकेका पिल्लाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, "काय देऊन राहिलात?"

मालक म्हणले, "दूधभात. दहीभात. सोमवारी भगर."

डॉक्टर आमच्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणला, "मांजर हाय का गोऱ्हा हाय ओ हे? दूध बंद करा. उकडलेलं अंडं द्या कुस्करून. जमलं तर कोंबडीचं थोडं."

मालकांचा चेहरा लाल झाला. "आमच्यात चालत न्हाई."

"तुमच्यात न्हाई चालत ओ," डॉक्टर म्हणला, "मांजरात चालतं."

मला हसू आलं होतं, ते मी पदरात दाबलं. डॉक्टरनं टॉनिक दिलं, पाण्यात कालवायची पावडर दिली, आणि दारापर्यंत येऊन परत सांगितलं की टॉनिकवर जगणार नाहीत ही. स्कूटरवर बसताना मालक म्हणले, "घरी बोलू नको. अव्वाला खामखा ताप." मी म्हणलं, "मी कशाला बोलू." हे मी मुद्दाम सांगून ठेवते. डॉक्टरनं अंडं सांगितलं हे मला माहीत होतं आणि मालकांना माहीत होतं. तिसरं कुणाला आम्ही कळू दिलं नाही.

आणि मग काय चमत्कार! आठवड्याच्या आत पिल्लं सावरली. पोट बांधलं, डोळ्यांत तेज आलं, पडद्याला लोंबकळायला लागली. सगळ्यांत बारकं, काळं, एक पाय पांढरा असलेलं पिल्लू होतं. ते तर दोन दिवसांचं सोबती वाटत होतं, तेसुद्धा पोत्यावर चढायला लागलं. अव्वानं गल्लीभर सांगितलं, विभूतीचा गुण. मालक म्हणले, टॉनिक चांगलं होतं. बाया परत फोटो काढायला आल्या. "शाकाहारीच हायत अजून?" एकीनं विचारलं. "म्हणजे काय!" अव्वा म्हणली. मला आतून शंका आली होती. पण शंका काढली तर तिचं काही तरी करावं लागतं, म्हणून मी काढली नाही.

एका दुपारी मी ओल्या कचऱ्याचा डबा घंटागाडीला द्यायला काढला. तळाशी पेपरची पुडी होती, घट्ट बांधलेली. आमच्या घरात असं बांधून कुणी काही टाकत नाही. मी उघडली. अंड्याची टरफलं. चार-पाच अंड्यांची असतील. माझ्या हाताला असा काटा आला की पुडी खाली पडली. मग वर सुनेच्या खोलीत गेले. चहासाठी म्हणून तिनं आणलेली विजेची किटली होती. ती हुंगली. धुतलेली होती, पण मी हुंगली तर मला वास आलाच. येणारच होता, मला तो पाहिजे होता.

मालक जेवायला घरी आलेले. मी पुढच्या खोलीत स्टुलावर ती पुडी उघडून मांडून ठेवली, पंचनाम्याला ठेवतात तशी. अव्वाला खुर्चीत बसवलं. तीन वाजता सून क्लासहून आली. एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच राहिली.

"काय हाय हे?" मी म्हणलं.

ती म्हणली, "पिल्लांसाठी हाय आत्या. गच्चीवर देते, टाकीमागं. सैपाकघरात न्हाई आणलं मी. उकडते फक्त खोलीत."

आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मला माहीत होतं ती खरं बोलते. डॉक्टरचं बोलणं माझ्या कानात होतं, पिल्लं समोर पोत्यावर उड्या मारत होती. पण दीड वर्ष मी तिच्यात काही तरी खोट सापडायची वाट बघत होते, आणि आता ती हाती लागली होती, ती मी सोडेन होय! मी म्हणलं, "मांजराचं नाव सांगू नको. सोडलं म्हणली होतीस ना? मांजराच्या नावावर स्वतः गिळून राहिलीस."

ती पांढरी पडली. म्हणली, "डॉक्टरनं बी हेच सांगितलं असंल. इचारा बाबांना."

सगळ्यांनी मालकांकडं बघितलं. मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून राहिले. इतकं मन लावून बघितलं की जणू त्यांना कुणाची तरी लग्नाची तिथी काढायची होती. मग म्हणले, "टॉनिक दिलं त्यानं." बास. आणि मी? माझ्या तोंडाला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. शिव्या द्यायला चांगलं चालत होतं.

अव्वानं गोमूत्र शिंपडायला लावलं. किटली भंगारात गेली. संध्याकाळी पोरगा आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोच्या बाजूनं तोंड उघडलं ते असं, "जाऊ दे ना आई." संपलं! पन्नास-साठ पोरांच्या वर्गात खडा आवाज लावणारा माझा लेक, त्याचा सगळा आवाज तेवढ्या चार शब्दांत संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सून बॅग घेऊन खाली आली. "चार दिवस हदगावला जाऊन येते," म्हणली. पाया पडली. दारातून परत वळून म्हणली, "आत्या, दूध नका देऊ त्यांना."

मी म्हणलं, "ते आमचं आमी बगू."

आम्ही आमचं बघितलं. दूधभात सुरू झाला, विभूती सुरू झाली. चार दिवसांनी परत पुढच्या खोलीत नाक धरावं लागलं. या खेपेला गोणपाट बदलायला मी होते. देवपूजा तशीच टाकून बसायची मी फरशी पुसत. पोरगा रोज रात्री जेवताना ताटाकडं बघून जेवायचा. चाराचे आठ दिवस झाले. तो बायकोशी फोनवर बोलायचा तो गच्चीवर जाऊन. खाली आला की मी विचारायची, "काय म्हणती?" तो म्हणायचा, "काही न्हाई." आणि मला कळत होतं की ती परत येणार नाही. दोन दिवस उशिरा नाही, येणारच नाही. घरातून सून निघून गेलेल्या बाया मी बघितल्यात, त्यांच्या माघारी गल्ली काय बोलते ते मी स्वतः बोलले आहे.

नवव्या-दहाव्या दिवशी बारकं पिल्लू अव्वाच्या मांडीवर गेलं. अव्वा त्याला विभूती लावत होती, आणि लावता लावता ते गार झालं. अव्वाला कळलंच नाही. ती बोटं ओढतच होती. मी म्हणलं, "अव्वा, गेलं ते."

अव्वा म्हणली, "रोज इभूती लावली की गं. मग कामून?"

माझं डोकं सणकलं. "त्याला अंडं पाहिजे होतं अव्वा! इभूती न्हाई, अंडं! डॉक्टरनं सांगितलं होतं, मी होते तिथं, ह्यांनी बी ऐकलं. सून देत होती म्हणून जगली होती ही. तिला आपण हाकलली." मालक पोत्याला टेकून उभे होते. एवढा मोठा माणूस, पण खाली बसून, दोन्ही हातांत तोंड घालून बसला. मला त्यांची कीव आली नाही. माझी मलाच आली नव्हती.

उरलेली तीन पिल्लं मान टाकून पडलेली. मी पर्स घेतली आणि अंडी आणायला निघाले. आमच्या गल्लीत घेतली असती तर संध्याकाळपर्यंत लातूरभर झालं असतं, म्हणून रिक्षा करून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला. छप्पन वर्षांची बाई, दरोडा घालायला निघाल्यासारखी. दुकानदारानं विचारलं, "किती?" मी म्हणलं, "तीन." तो म्हणला, "मावशी, घरात कुणी आजारी हाय का?" मी म्हणलं, "हाव." पिशवी मी अशी धरली होती की जणू तिच्यात इंगळी आहे.

अंडं किती वेळ उकडतात ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारणार? जिला विचारायचं ती हदगावला. पहिलं फुटलं, पाणी पांढरं झालं. दुसरं अर्धा तास उकडलं. टरफल काढताना मला दोनदा ओकारी आली. पण बोटावर तो पिवळा चुरा घेऊन मी पिल्लाच्या तोंडाशी नेला, आणि त्या अर्धमेल्या जीवानं असा चावा घेतला की माझ्या बोटातून रक्त आलं. भुकेनं चावलं ते. एवढी भूक आमच्या घरात, पोत्यांनी भरलेल्या घरात, दहा दिवस पडून होती. मी फरशीवर बसून रडले. मला रडताना बघून अव्वा म्हणली, "रडू नको. औषध म्हणून चालतं." घ्या! पाच मिनिटांत धर्म सुटसुटीत झाला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः एक लहान पातेलं घेऊन आले. मांजराचं पातेलं.

तरी आणखी एक पिल्लू गेलं. दोन वाचली.

मग मी हदगावला गेले. पोरगा म्हणला, फोन कर. मी म्हणलं, फोनवर न्हाई, मीच जाते. सकाळच्या एस.टी.नं नांदेड, तिथं गाडी बदलून हदगाव. सगळा रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते. माझं चुकलं, असं म्हणायचं ठरवलं होतं. आजवर मी हे कुणाला म्हणले नव्हते, म्हणून जरा सराव करत होते.

लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस साठवलेला, त्याच्या कडेनं वाट. विहीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तोंडावर काही दाखवलं नाही. "बसा, बोलवते तिला," म्हणून त्या मागं गेल्या त्या परत आल्याच नाहीत. शहाणी बाई. सून चहा घेऊन आली. जरा वाळली होती. पहिलं काय विचारलं तर, "पिल्लं कशी हायत?"

मी म्हणलं, "दोन गेली."

ती कापसाला टेकून खालीच बसली. "बारकं?"

"हाव."

"अंडं न्हाई दिलं तुमी?"

"दिलं. बारकं गेल्यावर दिलं. माज्या हातानं दिलं." मग मी ते म्हणले. "माजं चुकलं बाई. तू खरं बोलून राहिलीस हे मला तवाच माहीत होतं. डॉक्टर बोलला तवा मी तिथंच होते. चल घरी."

ती कापसातली सरकी बोटांनी काढत बसली. मग म्हणली, "येते आत्या. पण एक सांगते. मी बी खाणार. रोज न्हाई. कवा वाटलं तवा. लपून न्हाई, गच्चीवर न्हाई. लग्नात मी सोडलं म्हणले, तवा मला वाटलं होतं, खायाचं सोडलं की मी घरातली होईन. दीड वर्ष वाट बगितली. न्हाई झाले."

साधी गोष्ट होती. मी तोंडानं हो म्हणायचं, ती बॅग भरणार, दुपारच्या गाडीनं आम्ही दोघी परत. घरात पातेलं होतं, अंडी होती, अव्वाचा धर्म सुटसुटीत झालेला होता. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? देवा शपथ, मी ठरवून नाही बोलले, ते आपोआप निघालं. मी म्हणलं, "मांजराचं येगळं असतं बाई. ते मुकं जनावर हाय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणली, "मी बी दीड वर्ष मुकीच होते की आत्या. तवा कुठं इचारलं मला, काय पाहिजे म्हणून?"

मी चहा संपवला. ती एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आली, खिडकीपाशी जागा धरून दिली, पाण्याची बाटली भरून दिली. गाडी हलली तेव्हासुद्धा मला खाली उतरता आलं असतं, गाडी कंडक्टरनं थांबवली असती. मी बसून राहिले.

पुढच्या महिन्यात पोरानं नांदेडच्या एका क्लासमध्ये नोकरी धरली, खोली घेतली, आणि बायकोला तिकडं नेलं. या खेपेला तो मला "जाऊ दे ना आई" म्हणला नाही. "जातो" म्हणला. मांजरं आता चांगली दांडगी झालीत, मालक त्यांना मांडीवर घेऊन टीव्ही बघतात. मी रोज सकाळी पूजा झाली की गॅसवर ते पातेलं ठेवते आणि दोन अंडी उकडते. अंडं किती वेळ ठेवायचं ते आता मला नीट कळतं. त्या पाण्यात तिसरं टाकायला माझं काय गेलं असतं? काही गेलं नसतं. माझ्या सुनेनं माझ्या घरात राहायला माझ्याकडं एक अंडं मागितलं होतं, आणि मी ते मांजराला दिलं.